एकाच रेषेमागच्या साथी

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. लेखक दोघे, एडिंबरोचे: विल्यम ऑगिल्वी कर्मॅक आणि अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक. साथीच्या रोगांचं गणित ज्याला शिकायचं आहे, त्याची सुरुवात आजही या निबंधापासून होते. निबंधात समीकरणांची दाटी आहे, आणि त्या दाटीत एका खऱ्याखुऱ्या साथीचा आलेख आहे. ती साथ मुंबईची. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं मेली, त्याचे ते ठिपके. डिसेंबरात मोजके, मग झपाट्यानं चढत जाणारे, एप्रिलच्या सुमारास आठवड्याला नऊशेच्या घरात पोचणारे, आणि जुलैपर्यंत पुन्हा तळाला आलेले. या ठिपक्यांमधून लेखकांनी आपल्या समीकरणातून निघालेली रेषा काढली. ती त्यांच्यावर इतकी चपखल बसते की पाहणाऱ्याला वाटावं, साथीचं गुपित सापडलं.

मांडणी थोडक्यात अशी. शहरातल्या माणसांचे तीन गट करायचे: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून साथीबाहेर पडलेले. पहिल्या गटातला माणूस दुसऱ्यातल्याच्या संपर्कात आला की दुसऱ्यात जातो. दुसऱ्यातला ठरावीक वेगानं तिसऱ्यात जातो. एवढ्या दोन नियमांवरून साथ का भडकते, आणि सगळं गाव आजारी पडण्याआधीच ती का ओसरते, हे दोघांनी दाखवून दिलं. लागण होण्याजोगी माणसं एका मर्यादेखाली गेली की प्रत्येक रुग्ण आपल्यामागे सरासरी एकाहून कमी रुग्ण ठेवतो, आणि उतार लागतो. २०२० साली घराघरांत बोलला जाणारा 'आर' हा आकडा आणि 'हर्ड इम्युनिटी' ही कल्पना आपण ज्या चौकटीत समजून घेतली, ती चौकट ही.

कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ होते. १९२४ साली, ऐन तारुण्यात, प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांची दृष्टी कायमची गेली. हे सगळं गणित त्यांनी त्यानंतर केलं. मॅकेंड्रिक डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते, आणि मलेरियाचं गणित पहिल्यांदा मांडणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर १९०१ साली त्यांनी सिएरा लिओनचा प्रवास केला होता. दोघांबद्दल मला अपार आदर आहे. तरीही मुंबईच्या त्या आलेखापाशी थांबायला हवं. रेषा बरोबर बसली आहे. पण मुंबईत काय घडलं, ते ती सांगत नाही.

हे ताडून पाहायला मोठं गणित लागत नाही. रेषेच्या सूत्रात तीन आकडे आहेत: ८९०, ०.२ आणि ३.४. पहिला शिखराची उंची, म्हणजे आठवड्याला ८९० मृत्यू. दुसऱ्यावरून चढ-उताराचा वेग कळतो. तिसऱ्याला दुसऱ्यानं भागलं की १७ येतात, म्हणजे शिखर सतराव्या आठवड्यात, १९०६च्या एप्रिलच्या मध्याला. रेषेखालचं क्षेत्रफळ काढलं की साथीतले एकूण मृत्यू ८,९००च्या आसपास भरतात. आता हा आकडा शहराशेजारी ठेवा. १९०६च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ९ लाख ७७ हजारांवर होती. प्लेगची नोंद झालेल्यांपैकी किमान ८० ते ९० टक्के दगावत, असं लेखकांनीच म्हटलं आहे. तेव्हा प्लेग झालेली माणसं फार तर अकरा हजार. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांहून अधिक माणसांना साथीनं स्पर्शही केला नव्हता. मांडणी म्हणते की लागण होण्याजोगी माणसं कमी पडली म्हणून साथ ओसरली. एवढी माणसं शिल्लक असताना ती कमी कशी पडली?

दुसरी अडचण याहून खोल आहे. मूळ समीकरणांत अज्ञात गोष्टी चार: सुरुवातीला लागण होण्याजोगे किती, लागण झालेले किती, संसर्ग पसरण्याचा वेग किती, आणि साथीबाहेर पडण्याचा वेग किती. ठिपक्यांवरून हाती आलेले आकडे तीन. तीन आकड्यांतून चार अज्ञातं सुटत नाहीत. वेगवेगळ्या स्वभावाच्या अगणित साथी कागदावर हीच रेषा काढून दाखवतील.

आणि खऱ्या साथीचा स्वभाव तर निराळाच होता. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जात नाही. तो उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं रक्त शोधतात आणि माणसाला चावतात. घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड हलवायचं, एवढं लोक अनुभवानं शिकले होते. प्लेग संशोधन आयोगानं १९०५पासून मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, रोगाची ही साखळी बारकाईनं शोधून काढली. आजारी उंदरांच्या संगतीत गिनीपिग ठेवून पाहिले: पिसू पोचू शकेल अशा जागी ठेवलेल्यांना प्लेग होई, पिसू पोचणार नाही अशा बेतानं ठेवलेले वाचत. शहरभरातून रोज मेलेले उंदीर गोळा करून तपासले. आधी तपकिरी उंदरांत, मग घरांत राहणाऱ्या काळ्या उंदरांत, आणि त्यामागोमाग माणसांत, असा रोगाचा क्रम त्यांनी नोंदवला. उन्हाळा तापला की पिसवा घटतात आणि त्यांच्यातून जंतू पसरणंही मंदावतं, हेही आयोगाच्या कामातून पुढे आलं.

म्हणजे एप्रिलनंतरच्या उताराला ऋतूचं कारण होतं. मुंबईत प्लेग १८९६मध्ये आला आणि पुढे वर्षानुवर्षं हिवाळा सरता सरता चढत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतरत राहिला. फ्रेंच गणिती निकोला बाकाएर यांनी २०१२मध्ये हा मुद्दा गणितानिशी मांडला: एकाच हंगामाकडे पाहिलं तर कर्मॅक-मॅकेंड्रिक यांची रेषा पटते, ओळीनं अनेक हंगाम पाहिले की ऋतुचक्र मांडणीत घेतल्यावाचून गत्यंतर नाही. शंभर वर्षांनी ही फेरतपासणी शक्य झाली, कारण आयोगाची आकडेवारी त्या काळीच 'जर्नल ऑफ हायजीन'मध्ये तपशिलासह छापली गेली होती.

कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांना हे ठाऊक नव्हतं असं समजू नये. माणसातला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, आणि आपली गृहीतकं इथे काटेकोर लागू पडत नाहीत, असा इशारा त्यांनी निबंधातच दिला होता. पुढे पाठ्यपुस्तकांत आलेख आला आणि इशारा गळाला. साथींच्या गणितात असं पुन्हा पुन्हा घडलं आहे. मांडणी करणारा अटी घालून बोलतो, त्याचा आकडा किंवा आलेख प्रवासाला निघतो, आणि अटी मागे राहतात.

*

मॅकेंड्रिक यांचं प्लेगच्या या निबंधाच्या एक वर्ष आधीचं, १९२६चं काम मला त्याहून जवळचं वाटतं. भारतातल्या एका गावात कॉलरा आला होता. गावात २२३ घरं. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही. ३२ घरांत प्रत्येकी एक, १६ घरांत दोन, ६ घरांत तीन आणि एका घरात चार. एकंदर रुग्ण ८६. साध्या डोळ्यांना यात विशेष काही दिसत नाही. गावाचा चौथा हिस्सा सापडला, बाकीचं वाचलं, एवढंच.

मॅकेंड्रिक यांनी विचारलं: १६८ घरं वाचली म्हणजे नेमकं काय झालं? कॉलरा सगळ्या घरांना सारखाच गाठू शकत होता असं धरलं, तर ८६ रुग्ण २२३ घरांत निव्वळ योगायोगानं कसे विखुरले असते, हे संभाव्यतेच्या नियमानं सांगता येतं. एक रुग्ण असलेली घरं अठ्ठावन्न-एकोणसाठ हवी होती, प्रत्यक्षात ३२. तीन रुग्णांची एखाद-दोन, प्रत्यक्षात ६. रुग्ण मोजक्याच घरांत दाटले होते. मग त्यांनी उलट वाट धरली. शून्याचा आकडा बाजूला ठेवला, आणि ज्या घरांत रुग्ण आहेत त्यांच्या वाटणीवरूनच हिशेब केला की किती घरांना खरोखर धोका होता. उत्तर आलं ९३ च्या आसपास. त्यांतली ५५ सापडली, साधारण ३८ नशिबानं वाचली. आणि उरलेली सव्वाशेहून जास्त घरं? त्यांच्यापर्यंत रोग पोचलाच नव्हता.

'शून्य रुग्ण' या एकाच नोंदीखाली दोन वेगळ्या गोष्टी दडल्या होत्या. मॅकेंड्रिक यांनी तर्क केला की रोग पाण्यातून आला असावा, गावात विहिरी अनेक असाव्यात, आणि ही ९३ घरं एकाच दूषित विहिरीचं पाणी पीत असावीत. मग गावात चौकशी झाली. तसंच निघालं, अशी नोंद त्यांनी केली आहे.

अनिश्चितता हाताळायची म्हणजे काय, हे मला यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. आकड्यांत काय दिसत नाही ते आधी ओळखायचं. न दिसणाऱ्या भागाच्या शक्यता मांडायच्या. आणि त्या शक्यतांमधला निवाडा कागदावर होत नसेल तर कुठे जाऊन काय पाहायचं, ते गणितालाच विचारायचं. इथे गणितानं विहिरीकडे बोट दाखवलं, आणि माणसं विहिरीपर्यंत गेली.

*

साथीच्या अंदाजात अज्ञात अनेक ठिकाणांहून शिरतं. काही अज्ञातं निरुपद्रवी असतात, काही सगळा अंदाज उलटवतात, आणि कोणतं कुठल्या जातीचं हे आधी पाहावं लागतं.

'आर-नॉट' घ्या. नव्या साथीत एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो, तो हा आकडा. कोविडच्या सुरुवातीला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटानं तो २.४ धरला आणि २ ते २.६ या पट्ट्यात पडताळून पाहिला. पट्टा अरुंद वाटतो. पण लागणीच्या दहा पिढ्यांनंतर, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे अशा दहा पायऱ्या झाल्यावर, २ धरला तर एका रुग्णाचे १,०२४ होतात आणि २.६ धरला तर १४ हजारांवर. चौदा पटींचा फरक. पुढच्या महिन्यात रुग्णालयात किती खाटा लागतील, या प्रश्नावर हा पट्टा फार रुंद आहे. उलट, काहीच उपाय केले नाहीत तर शेवटी किती लोकांना लागण होईल, एवढंच विचारलं, तर साध्या मांडणीत उत्तर सुमारे ८० आणि ९० टक्के येतं. तेच अज्ञात एका प्रश्नाला बुडवतं आणि दुसऱ्याला जेमतेम हलवतं. म्हणून 'हे मॉडेल किती विश्वासार्ह?' या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. कोणत्या प्रश्नासाठी, असं आधी विचारावं लागतं.

त्यातही सरासरी फसवते. २००३च्या सार्समध्ये बहुतेक रुग्णांनी कुणालाच लागण दिली नाही आणि मोजक्यांनी एकेका झटक्यात डझनावारी दिली. जेम्स लॉइड-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये या विषमतेचं मोजमाप केलं. त्यांचा विषमतेचा आकडा घेऊन आणि सरासरी ३ धरून हिशेब केला, तर नव्या शहरात उतरलेल्या एका रुग्णापासून साथ पेटायच्या आधीच विझण्याची शक्यता ७६ टक्के येते. लागण सगळ्यांकडून सारख्याच प्रमाणात होते असं धरलं, तर तीच शक्यता ६ टक्के. सरासरी दोन्हीकडे तीनच. एका शहरात साथ आली आणि शेजारच्यात आली नाही, की आपण लगेच दोन्हीकडच्या प्रशासनांची तुलना करू लागतो. त्या तुलनेतला किती भाग निव्वळ दैवाचा, हे या दोन टक्केवाऱ्यांवरून कळावं.

*

मार्च २०२०मध्ये ब्रिटनपुढे दोन गणितं आली. १६ मार्चला नील फर्ग्युसन यांच्या इम्पीरियल गटाचा अहवाल: काहीच केलं नाही तर ब्रिटनमध्ये ५ लाख १० हजार मृत्यू, अमेरिकेत २२ लाख. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता यांच्या गटाची मांडणी आली. त्यांनी दाखवलं की तोवरचे ब्रिटनमधले मृत्यूचे आकडे दोन अगदी विरुद्ध परिस्थितींशी जुळतात. एकीत विषाणू नुकताच पसरू लागला आहे, फार थोड्यांना लागण झाली आहे, आणि पुढे मोठं संकट आहे. दुसरीत तो आधीच निम्म्याहून अधिक लोकांना स्पर्शून गेला आहे, गंभीर आजार फारच थोड्यांना होतो, आणि साथ संपत आली आहे. मृत्यूंची रेषा दोन्हीकडे तीच.

यातली दुसरी शक्यता खरी नव्हती, हे लवकरच उघड झालं, आणि तिच्या आधारे 'आता काही करायला नको' असं म्हणणाऱ्यांनी मोठं नुकसान केलं. पण निबंधाचा मथळाच काय मागत होता, ते विसरायला नको: रक्ताची मोठ्या प्रमाणावरची सर्वेक्षणं. दोन शक्यतांत निवाडा करणारी विहीर कुठे आहे, ते त्यात सांगितलं होतं. मृत्यू कितीही बारकाईनं मोजले तरी तो निवाडा होणार नव्हता. लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, म्हणजे प्रतिपिंडं, मोजल्यावर झाला असता, आणि झाला.

मुंबईत हे काम जुलै २०२०मध्ये झालं. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने तपासले: आर उत्तर, एम पश्चिम आणि एफ उत्तर. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, इतरत्र १६ टक्के. एकाच वॉर्डात, कित्येकदा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन निरनिराळ्या साथी चालू होत्या. तोवर रोजच्या रुग्णसंख्येत यातलं काही दिसत नव्हतं. सार्वजनिक शौचालय, दहा बाय दहाची खोली, पाण्याची रांग यांतून विषाणू किती वेगानं फिरला, ते त्या ५७ टक्क्यांनी दाखवलं. टाटा संस्थेतल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मुंबईकरांची एक कृत्रिम प्रतिकृती संगणकात उभी केली होती, घर, कामाची जागा, लोकलचा प्रवास यांसकट. त्यात वस्त्यांचा आणि इमारतींचा वेग निराळा धरला होता. मुंबईसारख्या शहरात एका सरासरीवर काम चालवणं म्हणजे दोन्ही मुंबईंबद्दल चुकीचं बोलणं.

फर्ग्युसन गटाच्या संगणकीय मॉडेलची पुढे कसून परीक्षा झाली. त्यात ९४० आदान आकडे होते. वौटर एडलिंग, पीटर कव्हनी आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये महत्त्वाचे आकडे थोडे थोडे हलवून ते हजारो वेळा चालवलं. आदानातली अनिश्चितता निष्कर्षात जवळपास तिप्पट फुगून बाहेर येत होती. आणि तिचा मोठा वाटा केवळ तीन गोष्टींतून येत होता: लागण झाल्यापासून माणूस संसर्गजन्य होईपर्यंतचा काळ, रुग्णाला वेगळं करण्यात जाणारा वेळ, आणि लोक प्रत्यक्षात किती अंतर पाळतात. शेकडो आकड्यांतून हे तीन वेगळे काढून दाखवणं मला फार मोलाचं वाटतं. मर्यादित पैसा आणि माणसं कुठल्या मोजणीवर लावायची, याचं उत्तर त्यात आहे.

*

२०१४च्या पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाचा दाखला इथे टाळता येत नाही. त्या सप्टेंबरात अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं म्हटलं की वाढीव उपाय झाले नाहीत तर २० जानेवारी २०१५पर्यंत लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये साडेपाच लाख रुग्ण होतील. नोंद न झालेले धरले तर १४ लाख. साथ संपली तेव्हा गिनीसह तिन्ही देशांत मिळून सुमारे २८,६०० रुग्ण आणि ११,३०० मृत्यू नोंदले गेले होते.

गणित सपशेल फसलं, असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. ते मला मान्य नाही. तो अंदाज 'उपाय झाले नाहीत तर' या अटीचा होता आणि उपाय झाले. जगानं माणसं आणि पैसा पाठवला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावांनी स्वतः अंत्यविधीच्या रीती बदलल्या, रुग्णांना वेगळं ठेवलं. घाबरलेला माणूस वागणं बदलतो, आणि त्या बदलानं अंदाज खोटा पडतो. पावसाच्या अंदाजाला ही अडचण नाही. अंदाज ऐकून ढग दिशा बदलत नाहीत.

पण त्या वर्षीच्या अनेक मॉडेलांत एक खरीखुरी तांत्रिक चूक होती, आणि ती टाळता येण्याजोगी होती. आरन किंग, पेजमान रोहानी आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये ती दाखवली. बरेच जण रोजचे किंवा आठवड्याचे नवे रुग्ण सोडून आजवरच्या एकूण बेरजेवर रेषा बसवत होते. बेरीज कधी खाली येत नाही, ती गुळगुळीत दिसते, रेषा सुंदर बसते. परंतु वाण्याच्या वहीत मागच्या पानाची बेरीज पुढच्या पानावर ओढताना तिच्यातली चूकही ओढली जाते, तसं इथे होतं. पहिल्या आठवड्यातली गफलत दहाव्या आठवड्याच्या आकड्यातही असते. गणित मात्र प्रत्येक ठिपका स्वतंत्र साक्षीदार मानतं आणि अंदाजाचा पट्टा भलताच अरुंद काढून देतं. योगायोगाला वाव न देणारी समीकरणं वापरली तर पट्टा आणखी आकुंचतो. पाहणाऱ्याला खात्री दिसते. ती खात्री साथीतून आलेली नसते, मोजणीच्या पद्धतीतून आलेली असते.

*

आता आपल्याकडचं. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं नेमलेल्या, एम. विद्यासागर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं जाहीर केलं की काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१च्या सुमारास साथ आटोक्यात येईल आणि एकूण लक्षणं असलेले रुग्ण १ कोटी ६ लाखांच्या आसपास असतील. पुढे 'सूत्र' या नावानं ओळखलं गेलेलं मॉडेल यामागे होतं. मणिंद्र अग्रवाल, विद्यासागर आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर हे त्याचे कर्ते.

फेब्रुवारी आला तेव्हा देशातली रोजची रुग्णसंख्या दहा-बारा हजारांवर उतरली होती आणि एकूण नोंद १ कोटी ९ लाखांच्या घरात होती. अंदाज जवळजवळ नेमका ठरला होता, आणि घात तिथेच झाला असं मला वाटतं. ज्या साथीवर मॉडेल बसवलं होतं, तिच्याबद्दल ते खरं बोललं. दुसरी साथ येऊ शकते, याला त्यात जागा नव्हती. त्याच महिन्यात अमरावती, अकोला, यवतमाळमध्ये रुग्ण वाढू लागले. २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली. पुढे 'डेल्टा' नाव मिळालेल्या विषाणूचं कुळ महाराष्ट्रातल्या नमुन्यांत आधीच दिसू लागलं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला समितीनं सरकारला सांगितलं की शिखर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, रोज १ लाख रुग्णांच्या आसपास असेल. प्रत्यक्षात ६ मे रोजी एका दिवसात ४ लाख १४ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मधल्या काळात अंदाज पुन्हा पुन्हा बदलले. आणि त्या मधल्या काळात नाशिकपासून नागपूरपर्यंत माणसं ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र वणवण करत होती.

अंदाज चुकला म्हणून कुणाला दोष देणं सोपं आहे, आणि नव्या विषाणूची तारीख सांगणं कुणालाच जमलं नसतं. माझी तक्रार निराळी आहे. मॉडेलमधले आकडे बदलले तर काय होईल, हे पट्ट्यात दाखवता येतं. मॉडेलची रचनाच अपुरी असेल तर ते कुठल्याही पट्ट्यात दिसत नाही. प्रतिकारशक्ती ओसरणं, नवं रूप येणं, लोक पुन्हा गर्दी करणं, यांतलं काहीच रचनेत नसेल, तर अंदाजाबरोबर ही यादी ठसठशीतपणे छापायला हवी होती, आणि ज्यांनी तो अंदाज व्यासपीठांवरून सांगितला, त्यांनी ती वाचायला हवी होती. फेब्रुवारीत देशभर 'आपण जिंकलो' असं वातावरण होतं. खाटा काढल्या गेल्या, तात्पुरती कोविड केंद्रं मिटवली गेली. एका आकड्यावर एवढा भार टाकता येत नाही.

भार वाटून घेण्याची रीत अमेरिकेत कोविडच्या काळात रुजली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या निकोलस राइश यांच्या गटानं अनेक संस्थांचे अंदाज दर आठवड्याला एकाच साच्यात गोळा केले. प्रत्येकानं एक आकडा न देता संभाव्यतेचा पट्टा द्यायचा, तो आधीच नोंदवून ठेवायचा, आणि खरा आकडा आला की सगळ्यांना गुण द्यायचे. पट्टा फार अरुंद ठेवून चुकलात तरी गुण कापले जातात, सुरक्षित राहायला फार रुंद ठेवलात तरीही. सगळ्यांना एकत्र करून काढलेला अंदाज बहुतेक कोणत्याही एकट्या मॉडेलपेक्षा सातत्यानं बरा ठरला. आणि त्याच नोंदींतून हेही कळलं की वीस आठवड्यांपुढच्या अंदाजातली चूक एका आठवड्याच्या अंदाजापेक्षा तीन ते पाच पट असते. म्हणजे मॉडेलांची नजर किती लांबपर्यंत पोचते, हेदेखील मोजून झालं आहे. त्यापलीकडचं जाणून घ्यायचं असेल तर अंदाज मागू नये. 'असं झालं तर काय, तसं झालं तर काय' अशी चित्रं मागावीत आणि तयारी त्यांतल्या वाईट चित्राची ठेवावी.

आपल्याकडे हे उभं करण्याइतकी माणसं आहेत. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात, चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत, मुंबईत, बेंगळुरूत साथींची मॉडेलं बांधणारे गट आहेत आणि कोविडमध्ये त्यांतल्या अनेकांनी रात्रंदिवस काम केलं. त्यांना अडला तो कच्चा माल. एप्रिल २०२१च्या अखेरीस, लाट शिखराकडे चढत असताना, शेकडो भारतीय शास्त्रज्ञांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विनंती केली की चाचण्यांची जमा झालेली तपशीलवार माहिती संशोधकांना मिळावी. जाहीर होत होते ते दिवसाचे एकूण आकडे. त्यांवरून रुग्ण वाढले की चाचण्या वाढल्या, मृत्यू आजचा की तीन आठवड्यांपूर्वीचा आज नोंदलेला, हे ओळखणं दुरापास्त होतं.

पुढच्या साथीसाठी लागणारी यादी लांब नाही. जिल्हावार आणि शहरांत वॉर्डवार, वयोगटांसह: लक्षणं सुरू झाल्याची तारीख, चाचणीची तारीख, त्या दिवशीच्या एकूण चाचण्या, रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख, मृत्यूची खरी तारीख. नावं नकोत, पत्ते नकोत. दर काही आठवड्यांनी यादृच्छिक निवडीनं घेतलेले रक्ताचे नमुने, वस्तीचे वेगळे आणि इमारतींचे वेगळे. विषाणूच्या रूपांची तपासणी आणि तिचे निकाल काही दिवसांत, महिन्यांनी नव्हे. हे सगळं साथ नसतानाच, डेंग्यू आणि स्वाइन फ्लूच्या नेहमीच्या हंगामांत सुरू करायला हवं. म्हणजे मॉडेल करणाऱ्यांचे अंदाज दरवर्षी तपासले जातील, कुणाचा पट्टा किती खरा हे आधी कळलेलं असेल, आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याला ऐन लाटेत अनोळखी आकड्यावर विसंबावं लागणार नाही.